फळी उचलल्याशिवाय

लाकडी डेक, म्हणजे घराला लागून उघड्यावर बांधलेला फळ्यांचा ओटा, जुना झाला की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, हे सगळं उखडून टाकू आणि नवं करू. दुसरा म्हणतो, चार फळ्या बदलल्या आणि वरून तेलाचा हात मारला की पुढची दहा वर्षं बघायला नको. आमच्याकडे पहिल्या पक्षात नवरा, दुसऱ्यात मी. वाद जोरात चालतो, आणि चालतो तो डेकवर उभं राहून, पायाखालच्या फळ्यांकडे बोटं दाखवत. फळ्यांच्या खाली काय आहे हा विषयच निघत नाही.

आता डेक ही काही एक वस्तू नव्हे. घराच्या भिंतीला बोल्टांनी आवळलेली एक आडवी जाड फळी असते, तिला लेजर म्हणतात. तिच्यापासून बाहेर निघालेल्या कड्या, कड्या पेलणारी तुळई, तुळईखाली खांब, खांबांखाली पाया. या सगळ्यावर अंथरलेल्या फळ्या, कडेला कठडा, पुढे पायऱ्या. सगळ्यांचा जन्म एकाच आठवड्यातला, पण प्रत्येकाच्या वाट्याला आलेलं आयुष्य वेगळं. सगळ्यात खालची पायरी प्रत्येक पावसात ओली होते, मातीचे शिंतोडे झेलते. डेकच्या पोटातल्या मधल्या खांबाला वर्षभरात थेंब लागला तर लागला. तरी आपण या सगळ्या कुटुंबाला एकच प्रश्न विचारतो: ठेवायचं की काढायचं?

आमच्या डेकविरुद्धचा मुख्य पुरावा होता त्याचा रंग. एके काळचा मधासारखा तपकिरी डेक आता पार राखाडी झाला होता, आणि राखाडी म्हणजे संपलं असं नवऱ्याचं ठाम मत. हा रंग येतो कुठून ते बघितलं तर मत बदलायला हरकत नसावी. लाकडाच्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन उन्हातल्या अतिनील किरणांनी मोडतं, पाऊस ते धुऊन नेतो, मागे फिकट तंतू उरतात आणि त्यांच्यावर बारीक काळपट बुरशी बसते. ही बुरशी वरवरची, लाकूड कुजवणारी नव्हे. हे सगळं घडतं तेही एका पातळ थरात. उघड्यावर टाकलेलं मऊ जातीचं लाकूड या झिजेने शंभर वर्षांत साधारण ६ मिलिमीटर कमी होतं, असा लाकडाचा अभ्यास करणाऱ्यांचा हिशेब आहे. म्हणजे नुसत्या रंगावरून निकाल द्यायचा तर आपल्या पणतवंडांपर्यंत थांबावं लागेल.

फळ्यांवरच्या उभ्या भेगांचंही तसंच. लाकूड ओलं झालं की फुगतं, वाळलं की आकसतं. हे फुगणं-आकसणं रुंदीत असतं, लांबीत जवळपास नसतंच, त्यामुळे भेगा लाकडाच्या रेषांच्या दिशेनेच पडतात आणि फळीची ताकद फारशी घटवत नाहीत. खिळ्यांची डोकी वर येतात तीही याच खेळामुळे. दर पावसाळ्यात लाकूड खिळ्याला थोडं थोडं वर ढकलतं. अनवाणी पायाला हे सगळं त्रासदायक वाटतं, दिसायलाही वाईट दिसतं, आणि म्हणूनच निर्णय त्यावर घेतले जातात. डेक पडतो तो मात्र वेगळ्याच कारणाने.

ते कारण म्हणजे अडून बसलेलं पाणी. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला चार गोष्टी लागतात: खायला लाकूड, श्वासाला हवा, बऱ्यापैकी ऊब आणि ओल. पहिल्या तिन्ही आपल्या हातात नाहीत. चौथी आहे. लाकडातला ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या आत राहिला तर बुरशीचं काही चालत नाही. तीसच्या आसपास गेला आणि तिथेच टिकला, की तिचा संसार सुरू. गंमत अशी की पाण्यात कायम बुडालेलं लाकूड शतकानुशतकं टिकतं, कारण तिथे हवा नसते. भिजलं आणि पटकन वाळलं तेही टिकतं. मरतं ते अधलंमधलं: धड बुडालेलं नाही, धड वाळत नाही. जमिनीत रोवलेला खांब म्हणूनच तळाशी नव्हे तर जमिनीच्या पातळीजवळ आधी कुजतो.

तेव्हा डेकचं वय किती, यापेक्षा पाणी कुठे थांबतं हा प्रश्न कामाचा. फळी आणि कडी एकमेकींवर टेकतात ती अरुंद जागा. स्क्रूची भोकं. दोन फळ्यांची टोकं एकमेकांना भिडतात तो सांधा, कारण लाकूड टोकाकडून बाजूपेक्षा कितीतरी पट पाणी पितं. कुंड्यांच्या खालची जागा. पायऱ्यांच्या आधाराला घेतलेल्या खाचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे भिंत आणि लेजर यांच्यामधली फट, जिथे ऊनही पोचत नाही आणि नजरही.

वयाने फसगत कशी होते याचं एक भयंकर उदाहरण आहे. १६ जून २०१५ रोजी अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात, बर्कली शहरात एका इमारतीची बाल्कनी कोसळली. सहा तरुण मुलं गेली, सात जखमी झाली. बाल्कनी पेलणाऱ्या लाकडी कड्या आतल्या आत कुजल्या होत्या. इमारत २००७ साली पूर्ण झालेली, म्हणजे जेमतेम आठ वर्षांची. आत पाणी अडकलं होतं आणि वरचा पृष्ठभाग नीटनेटका होता. त्यानंतर २०१८ मध्ये त्या राज्यात कायदा झाला की अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींमधल्या अशा लाकडी आधाराच्या बाल्कन्या आणि डेक ठरावीक वर्षांनी तपासून घ्यायचे, आणि तपासताना भार पेलणारे भाग आणि पाणी अडवणारे थरही बघायचे. नुसतं वरून बघून चालायचं नाही, हे कायद्यात लिहावं लागलं.

आमच्याकडे हे काम सुतारकाकांनी केलं. मी त्यांना सगळ्यात आधी फाटलेली फळी दाखवायला निघाले, तर म्हणाले, "ताई, ते वरचं नंतर. खाली जायला वाट कुठनं आहे?" आणि टॉर्च, हातोडी आणि एक जुना, टोक झिजलेला स्क्रूड्रायव्हर घेऊन डेकखाली सरपटत गेले. वर उभं राहून मला फक्त आवाज ऐकू येत होते. टण. टण. टण. मग मध्येच एक भद्द. तिथे ते थांबायचे.

थोड्या वेळाने मलाही खाली बोलावलं. टोचून बघायची रीत त्यांनी दाखवली. चांगल्या लाकडात टोक खुपसून उचकटलं तर लांब ढलपी निघते, सोलल्यासारखी, करकर आवाज करत. कुजलेलं लाकूड टोकापाशीच तुकडा पडून तुटतं, आवाजाशिवाय. मी तीन-चार कड्यांना टोचून बघितलं. करकर ऐकून इतकं बरं वाटलं की विचारू नका. मग ते मला वर कुंड्यांच्या रांगेपाशी घेऊन आले आणि तिथली एक फळी उचकटली.

कडीच्या माथ्यावर काळ्या ओलीचा पट्टा होता. जिथे स्क्रू होता तिथे भोकाभोवती लाकूड तपकिरी झालेलं, आडव्या-उभ्या चिरा पडून त्याचे बारीक चौकोनी तुकडे झालेले. एक तुकडा मी चिमटीत घेतला. वजन जाणवेना. दोन बोटांत चोळला तर भुकटी झाली, आणि पावसाळी जंगलात येतो तसला वास आला. ही बुरशी लाकडातलं सेल्युलोज, म्हणजे तंतूंचा मुख्य पदार्थ, खाते आणि लिग्निन मागे सोडते; उरलेलं आकसतं आणि असे ठोकळे पडतात. वाईट हे की ते ठोकळे दिसायच्या आधीच ताकद गेलेली असते. किडलेल्या दातासारखं आहे हे, कडेने शाबूत आणि आत भगदाड. त्याच कडीची बाजू मी खालून पाहिली होती, आणि बाजूने ती छान दिसत होती.

आता उलट बाजू. उचकटलेली ती फळी काकांनी पालथी केली. खालचं अंग मधाच्या रंगाचं, रेषा स्वच्छ, रंध्याच्या खुणासुद्धा दिसत होत्या. इतकी वर्षं ज्या फळ्यांकडे बघून डेक संपला म्हणत होतो, त्या फळ्या ठणठणीत होत्या. बिघाड होता त्यांच्या खाली, आणि तोही सगळीकडे नव्हता. नवऱ्याचा पुरावा गेला, पण माझाही गेला, कारण मी जी "चार फळ्या" बदलायला निघाले होते त्या बदलून काहीच साधलं नसतं.

यावर मी बराच विचार केला आहे. दोन्ही पक्षांना आपापली सोय असते. सगळं काढून नवं करू म्हणणाऱ्याला शोधत बसायचं नसतं. कुठे काय बिघडलं आहे हे न बघताच प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. डागडुजी करू म्हणणाऱ्यालाही शोधायचं नसतं. भेगांत लांबी भरली, रंग मारला, की दिसेनासं होतं. रंगाचा जाड थर तर उलट घात करतो. तो कुठेतरी तडकतो, पाणी आत जातं आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. म्हणून उघड्यावरच्या फळ्यांना आत मुरणारं तेल बरं. ते उडालं तर निदान दिसतं तरी. नव्या डेकचंही तेच. ज्या भिंतीपाशी पाणी आत शिरत होतं, ज्या कड्यांच्या माथ्यावर साचत होतं, तिथे काहीच केलं नाही तर नवा डेकही त्याच जागी कुजेल. फक्त त्याला काही वर्षं लागतील आणि तोवर आपण खूश असू.

काकांची पाहण्याची दिशा मला आवडली. घराकडून बाहेर आणि खालून वर. आधी लेजर, मग खांबांचे तळ, मग तुळई, मग कड्या, फळ्या शेवटी. लेजरबाबत त्यांनी कसलीच भावनिक चर्चा होऊ दिली नाही. भिंतीशी असलेला हा सांधा म्हणजे डेकची मान. डेक कोसळतात तेव्हा अनेकदा हाच सांधा सुटलेला असतो, विशेषतः तो नुसत्या खिळ्यांवर असेल तर. खिळा आडवा भार पेलतो, पण ओढलं की सरकत बाहेर येतो. माणसं कठड्याकडे गर्दी करतात तेव्हा डेक घरापासून दूरच ओढला जातो. अमेरिकेच्या नियमावलीत घरगुती डेकसाठी चौरस फुटाला ४० पौंड भार धरतात, म्हणजे चौरस मीटरला जवळपास १९५ किलो. आकडा मोठा वाटतो, पण चार पाहुणे फोटोसाठी एका कोपऱ्यात उभे राहिले की तो कशासाठी आहे ते कळतं.

आमचा लेजर बोल्टांवर होता, पण त्याच्या माथ्यावर पाणी अडवणारी पत्र्याची पट्टी नव्हती. बसवणाऱ्याने ती का घातली नाही कोण जाणे. पाच मिनिटांचं काम आणि चिमूटभर पत्रा. लेजरच्या एका टोकाला स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत गेला. तिथेच त्याचा निकाल लागला.

मग आला खरा किचकट हिशेब, ज्याचा विचार आम्ही दोघांनीही केला नव्हता. एक कडी बदलायची तर तिच्यावरून जाणारी प्रत्येक फळी उचलावी लागते. फळ्या स्क्रूने बसवलेल्या असतील तर बऱ्याचशा धड निघतात. गंजलेल्या खिळ्यांनी ठोकलेल्या असतील तर उचकटताना निम्म्याअधिक चिरतात, आणि दुरुस्ती म्हणून सुरू केलेलं काम बघता बघता नव्या कामाच्या खर्चाला जाऊन भिडतं. म्हणजे डेक वाचवता येईल की नाही हे कधीकधी लाकडावर नाही, तो बांधताना कुणीतरी हातात ड्रिल घेतलं होतं की हातोडी, यावर ठरतं. आमच्याकडे नशिबाने स्क्रू होते. काहींची डोकी झिजून गेली होती, त्यांच्यापायी काकांनी पुटपुटत बरीच शिवीगाळ केली, पण फळ्या निघाल्या.

कुजक्या कडीला बगलेने नवी कडी जोडून काम भागवता येतं, आणि ते काही कामचुकार काम नव्हे. अट एवढीच की नवी कडी दोन्ही टोकांना आधारावर टेकली पाहिजे, आणि जुनीचा सडका भाग कापून काढला पाहिजे. ओली सडकी कडी नवीच्या अंगाला बांधून ठेवली तर ओलही नवीच्या अंगाला लागते. कड्यांच्या माथ्यावर चिकटपट्टीसारखी जलरोधक पट्टी लावली की स्क्रूच्या भोकांतून पाणी उतरायचं थांबतं. मला विचाराल तर सबंध कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगाची वस्तू हीच.

लाकूड निवडताना एक वेगळाच इतिहास कळला. उघड्यावरच्या लाकडात मुरवायचं तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं मिश्रण, ज्याला सीसीए म्हणतात, ते १९३३ साली शोधलं भारतीय शास्त्रज्ञ सोंती कामेसन यांनी. डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत काम करणाऱ्या या माणसामुळे जगभरचे विजेचे खांब, कुंपणं आणि डेक अनेक दशकं उभे राहिले, आणि त्यांचं नाव आपल्याला ठाऊक नाही. आर्सेनिकच्या भीतीमुळे अमेरिकेत २००३ च्या अखेरीस घरगुती वापरासाठी हे मिश्रण थांबवलं गेलं. मात्र त्याआधीचे डेक अजून उभे आहेत. असं हिरवट झाक असलेलं जुनं लाकूड निघालं तर ते शेकोटीत घालायचं नाही. राखेत आणि धुरात आर्सेनिक येतं. त्याची भुकटी उडेल असं घासायचंही नाही.

नव्या मिश्रणांत आर्सेनिक नाही, पण तांबं जास्त. आणि जास्त तांबं साध्या लोखंडाला गंजवतं. म्हणून नव्या लाकडाच्या कड्या जुन्याच पातळ मुलाम्याच्या पत्र्याच्या खोबणीत बसवल्या तर लाकूड टिकतं आणि त्याला धरणारा पत्रा गंजून जातो. जाड जस्ताचा गरम मुलामा दिलेलं सामान किंवा स्टेनलेस स्टील, यात काटकसर नाही. कापलेल्या टोकांनाही औषध लावावं लागतं, कारण कारखान्यात मुरवलेलं गाभ्यापर्यंत पोचलेलं नसतं. हे टोकांचं काम कुणी करत नाही. मी ब्रश घेऊन शेजारी बसले म्हणून आमच्याकडे झालं.

नवऱ्याने मधल्या काळात प्लॅस्टिक आणि लाकडाच्या भुशापासून केलेल्या कंपोझिट फळ्यांचे नमुने आणले होते. रंग ओल्या लाकडाचा, ढलप्या नाहीत, तेल नाही. मोह पडावा अशाच. पण त्या लाकडापेक्षा लवचीक असतात, त्यामुळे खाली कड्या जवळजवळ लागतात, सहसा ४० सेंटिमीटरच्या आत. आमच्या कड्या विरळ. वजनाने जड, उन्हात तापतात, आणि मुख्य म्हणजे खालचा सांगाडा तरीही लाकडाचाच राहतो. वरची फळी कधीच कुजणार नाही म्हणून खाली बघायची सवयच सुटेल, ही माझी खरी धास्ती. त्यावर नवरा म्हणाला, "लाकडी फळ्या होत्या तेव्हा तरी कोण बघत होतं?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, पण कड्यांचं अंतर माझ्या बाजूने होतं.

शेवटी लेजर नवा झाला, माथ्यावर पत्र्याच्या पट्टीसह. भिंतीलगतच्या आणि कुंड्यांखालच्या कड्या बदलल्या, दोन कड्यांना बगलेने जोड दिला. खांब आणि तुळई आहेत त्याच. पायऱ्या पूर्ण नव्या, कारण त्यांच्या खाचांत बोट जात होतं. फळ्यांपैकी बहुतेक पालथ्या करून परत बसवल्या, दोन फळ्यांमध्ये पाणी निथळायला फट ठेवून. मध्ये मध्ये कोरी नवी फळी आहे, तिचा रंग हिरवट आणि अगदी परका दिसतो. येणारे-जाणारे विचारतात, हे असं ठिगळ ठिगळ का केलंत? कुंड्या आता पायांच्या तिवईवर आहेत आणि अधूनमधून जागा बदलतात.

कठड्याचं मात्र अजून ठरलेलं नाही. कठड्याच्या माथ्याला ९० किलोचा रेटा सोसता आला पाहिजे असा त्याच अमेरिकी नियमावलीत दंडक आहे, आणि आमचे दोन खांब हाताने हलवले तर डुलतात. दोष खांबांचा नाही. ते कडेच्या फळीला नुसते बाहेरून स्क्रूने डकवलेले आहेत. नवरा म्हणतो स्टीलच्या तारांचा कठडा करू, मी म्हणते हेच खांब आतून बोल्टांनी कड्यांशी बांधून घेऊ. काकांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि पुढच्या खेपेला सांगतो म्हणाले. तोवर त्या बाजूला दोरी बांधून ठेवली आहे आणि पाहुण्यांना तिथे रेलू देत नाही.